मॉडेल रेल्वेच्या डब्यांतले दिवे का लुकलुकतात? आणि ते थांबवायचं कसं?

खोलीतला दिवा मालवला जातो. टेबलावर मांडलेल्या रुळांवरून एक छोटी प्रवासी गाडी वळण घेत पुढे येते. इंजिनाचा हेडलाइट, त्यामागे आठ डबे आणि प्रत्येक डब्याच्या खिडक्यांमध्ये पिवळसर उजेड. क्षणभर वाटतं, की आपण घाटमाथ्यावर उभे आहोत आणि खालून रात्रीची एक्स्प्रेस निघाली आहे.

आणि तेवढ्यात तिसऱ्या डब्यातला दिवा फडफडतो. पाठोपाठ पाचव्यातला. गाडी सांध्यावरून जायला लागली की अख्खीच्या अख्खी गाडी लग्नाच्या मांडवावरच्या माळेसारखी चमकायला लागते.

मॉडेल रेल्वेचा छंद जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत अनेक पिढ्यांपासून रुजलेला आहे. आपल्याकडेही तो अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. परदेशातून येताना एखाद-दुसरा सेट आणणारे आणि मग त्यात गुंतत जाणारेही अनेक जण आहेत. डब्यात दिवे लावल्यावर त्यातल्या जवळपास प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. इंजिन तर मजेत धावतंय, मग डब्यातले दिवेच का लुकलुकतात?

बहुतेक वेळा संशय दिव्यावर जातो. एलईडी खराब असेल म्हणून नवी पट्टी आणली जाते, ती बसवली जाते आणि नवी पट्टीही तशीच लुकलुकते. कारण दिवा बिघडलेलाच नसतो. त्याच्यापर्यंत वीज पोहोचण्यात खंड पडत असतो. हा खंड नेमका कुठे पडतो हे शोधलं, तर दुरुस्ती काही रुपयांत होते. न शोधता कपॅसिटर जोडत सुटलं, तर महागडा डबा किंवा कंट्रोलर गमावण्याची वेळ येऊ शकते.

डब्यात वीज येते कुठून?

मॉडेल रेल्वेत सर्वाधिक प्रचलित प्रमाण आहे 'एचओ', म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. यात दोन रुळांमधलं अंतर असतं १६.५ मिलिमीटर. बहुतेक एचओ गाड्यांमध्ये वीज या दोन रुळांमधूनच येते. एका रुळातून ती आत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत फिरते.

पण रुळापासून दिव्यापर्यंतचा प्रवास सरळ नसतो. रुळावरून वीज धातूच्या चाकात जाते, चाकातून अ‍ॅक्सलमध्ये, अ‍ॅक्सलवर टेकलेल्या एका पातळ पट्टीत, तिथून वायरमध्ये आणि मग छतातल्या एलईडीपर्यंत. परतीचा मार्गही असाच. या साखळीत दोन ठिकाणी धातू धातूवर फक्त टेकलेला असतो, जोडलेला नसतो. एक म्हणजे रूळ आणि चाक, दुसरं म्हणजे अ‍ॅक्सल आणि पट्टी. खंड पडतो तो प्रामुख्याने इथेच.

एकाच अ‍ॅक्सलवरची दोन्ही चाकं धातूची आणि एकमेकांना जोडलेली असती, तर दोन रुळांमध्ये शॉर्टसर्किट झालं असतं. म्हणून प्रत्येक जोडीतलं एक चाक अ‍ॅक्सलपासून वेगळं, म्हणजे इन्सुलेट केलेलं असतं. डब्याच्या दोन्ही टोकांना चार-चार चाकांची एक चौकट असते. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे ही चौकट. अनेक डब्यांमध्ये पुढची बोगी फक्त डाव्या रुळावरून आणि मागची बोगी फक्त उजव्या रुळावरून वीज घेते. म्हणजे आठ चाकांपैकी चारच कामाची, आणि प्रत्येक रुळासाठी दोनच. ती दोन एकाच वेळी धुळीवर किंवा प्लास्टिकवर आली, की दिवा गेला.

मग इंजिनाला हा त्रास का जाणवत नाही? पहिलं कारण म्हणजे वजन. अमेरिकेतल्या 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' या संस्थेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचं वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस एवढं असावं. दहा इंची डब्यासाठी हे गणित सहा औंसांवर, म्हणजे साधारण १७० ग्रॅमवर येतं. इंजिन याहून बरंच जड असतं, त्यामुळे त्याची चाकं रुळावर घट्ट दाबली जातात. शिवाय ते सहसा जास्त चाकांमधून वीज घेतं. आणि क्षणभर वीज गेली तरी फिरती मोटर स्वतःच्या वेगात पुढे सरकते. दिव्याकडे असा वेग नसतो.

पूर्वी बल्ब होते तेव्हा हा त्रास कमी का होता?

पोळ्या झाल्यावर गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होत नाही. जुन्या बारीक बल्बचं असंच होतं. त्यातली तार तापून उजेड द्यायची आणि वीज क्षणभर तुटली तरी ती थोडा वेळ तापलेलीच असायची. छोटे-मोठे खंड त्यात लपून जायचे. उजेड किंचित मंद व्हायचा, एवढंच.

एलईडीत तापणारी तार नाही. वीज थांबली की उजेड थांबला, तोही सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात. रुळावरचा प्रत्येक डाग तो इमानदारीने दाखवतो. त्यामुळे जुना बल्ब काढून एलईडी बसवल्यावर 'आता जास्तच लुकलुकतंय' अशी तक्रार येते. खंड आधीही होते, ते आता दिसू लागले इतकंच.

पण उपायही एलईडीमुळेच सोपा झाला आहे. १२ व्होल्टच्या एकेका बारीक बल्बला ५० मिलिअ‍ॅम्पिअर किंवा त्याहून जास्त करंट लागायचा. एलईडी लावलेला अख्खा डबा ५ ते १० मिलिअ‍ॅम्पिअरमध्ये छान उजळतो. इतक्या कमी विजेचा साठा डब्याच्या स्वच्छतागृहाएवढ्या जागेतही मावतो. त्याआधी एक काम मात्र करावं लागतं.

आधी निदान: दिवा कुठे आणि कधी लुकलुकतो?

डबा उघडण्याआधी दहा मिनिटं नुसतं निरीक्षण केलं, तरी बरंच काही कळतं.

- सगळे डबे रुळावरच्या एकाच ठिकाणी लुकलुकतात: दोष रुळाचा आहे. तिथे घाण आहे, रूळ जोडणारी कडी सैल झाली आहे किंवा सांध्यातला वीज नसलेला भाग आहे.
- एकच डबा सगळीकडे लुकलुकतो: दोष त्या डब्याच्या चाकांचा किंवा पट्टीचा आहे.
- फक्त वळणावर लुकलुकतो: बोगी वळताना वायर ताणली जाते आहे, किंवा सोल्डर केलेला जोड सुटत आला आहे.
- गाडी उभी असतानाही एका लयीत थरथरतो: हा संपर्काचा दोष नाही, वीजपुरवठ्याच्या प्रकाराचा आहे. ५० हर्ट्झच्या एसी पुरवठ्यावर एकच डायोड लावून एलईडी जोडला, तर तो सेकंदाला ५० वेळा विझतो.
- इंजिनही अडखळतं आणि दिवेही जातात: रुळांपर्यंत वीज आणणाऱ्या वायरी आणि त्यांचे जोड तपासायला हवेत.

एक सोपी चाचणी आहे. शंका असलेला डबा गाडीतून काढून दुसऱ्या जागी जोडायचा. लुकलुकणं डब्याबरोबर गेलं तर दोष डब्यात, जागेवरच राहिलं तर दोष रुळात.

पहिली पायरी: साफसफाई

मॉडेल रेल्वेचे रूळ बहुधा 'निकेल सिल्व्हर'चे असतात. आपल्याकडे याला जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. चाक रुळावरून क्षणभर उचललं गेलं की डोळ्याला न दिसणारी बारीक ठिणगी पडते आणि काजळीचा थर साचतो. त्यात घरातली धूळ, इंजिनाचं सांडलेलं तेल आणि प्लास्टिकच्या चाकांचा चुरा मिसळतो. हा काळा थर वीज अडवतो. तोच चाकांवरही बसतो, आणि चाकं तो पुन्हा सगळ्या रुळांवर पसरवतात. म्हणून फक्त रूळ पुसून भागत नाही.

रुळांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं सुती कापड पुरतं. मोबाइल दुरुस्तीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात हे द्रव्य मिळतं. ते चटकन पेट घेतं. त्यामुळे वीजपुरवठा बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून आणि रूळ पूर्ण वाळल्यावरच गाडी चालवावी.

चाकांसाठी रुळावर कागदी टिश्यूची पट्टी आडवी ठेवून तिच्यावर थोडं अल्कोहोल टाकायचं आणि डबा हाताने पुढे-मागे फिरवायचा. कागदावर काळ्या रेघा उमटतात. त्या उमटायच्या थांबल्या की चाकं स्वच्छ झाली.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या. भांडी घासायची तारेची घासणी वापरली, तर तिचे लोखंडी कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि इंजिन बिघडू शकतं. जाड पॉलिश पेपरने रुळावर चरे पडतात आणि पुढची घाण त्याच चऱ्यांत घर करते.

डब्याला प्लास्टिकची चाकं असतील तर ती बदलून धातूची बसवणं हाच मार्ग आहे. त्यांच्यातून वीज येत नाहीच, वर रूळ लवकर घाण होतात.

दुसरी पायरी: जास्त चाकांमधून वीज घेणं

सफाईनंतरही लुकलुकणं उरलं, तर पाहायचं की डबा किती चाकांमधून वीज घेतो आहे. चारऐवजी आठही चाकं कामाला लावली, तर प्रत्येक रुळासाठी दोनऐवजी चार संपर्क मिळतात. चारही एकदम तुटण्याची शक्यता बरीच कमी होते.

यासाठी फॉस्फर ब्राँझची पातळ, लवचिक पट्टी वापरतात. ती चाकाच्या मागच्या बाजूला किंवा अ‍ॅक्सलवर हलकेच टेकते. 'हलकेच' हा शब्द महत्त्वाचा. पट्टी जास्त दाबली तर ती ब्रेकसारखी काम करते. एका डब्यात ते जाणवत नाही, पण आठ डबे जोडल्यावर चढावर इंजिनाची चाकं जागेवरच फिरू लागतात. पट्टी लावल्यावर डबा किंचित उतारावर ठेवून बघावा. तो आपणहून घरंगळला तर दाब बरोबर आहे.

वायरही तितकीच महत्त्वाची. बोगीपासून छतापर्यंत जाणारी वायर केसाइतकी बारीक, मऊ आणि थोडी सैल हवी. जाड वायर बोगीला मोकळेपणाने वळू देत नाही. चाक उचललं जातं, दिवा जातो आणि कधी डबाही रुळावरून उतरतो. वजन कमी असलेल्या डब्याच्या तळाशी धातूची छोटी पट्टी चिकटवली तरी संपर्क सुधारतो.

आणखी एक पर्याय म्हणजे वीज वाहून नेणारी कपलिंग. यामुळे सगळे डबे एकमेकांना विजेने जोडले जातात आणि एका डब्याचा संपर्क तुटला तरी शेजारचा डबा त्याला वीज पुरवतो. पण रुळांचे वेगवेगळे विद्युत विभाग केले असतील, तर अशी जोडलेली गाडी दोन विभागांमध्ये पूल बांधते. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळत असतील, तिथे यातून थेट शॉर्टसर्किट होऊ शकतं. मांडणी साधी असेल तरच हा पर्याय सोयीचा.

तिसरी पायरी: डब्यातच विजेची टाकी

रूळ कितीही स्वच्छ असले तरी सांध्यावर खंड राहतोच. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेला 'फ्रॉग' म्हणतात. अनेक सांध्यांमध्ये हा भाग प्लास्टिकचा किंवा वीज नसलेला असतो. तिथे चाक पोहोचलं की वीज नाही.

यावरचा उपाय प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर असतो. नळाला पाणी ठराविक वेळीच येतं, तरी स्वयंपाकघरातला नळ दिवसभर चालतो, कारण मध्ये टाकी असते. डब्यात हेच काम कपॅसिटर करतो. रुळातून वीज मिळते तेव्हा तो भरतो आणि ती तुटली की एलईडीला आपल्याकडची वीज देतो.

पण कपॅसिटर थेट रुळांच्या वायरींना जोडून चालत नाही. यासाठी वापरले जाणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर धन आणि ऋण टोक पाळतात. साध्या डीसी गाडीत दिशा बदलली की रुळांची टोकं उलटी होतात. डीसीसी, म्हणजे डिजिटल पद्धतीत तर ती सेकंदाला हजारो वेळा उलटत असतात, कारण त्या उलटण्यातूनच इंजिनाला संदेश जातात. म्हणून आधी ब्रिज रेक्टिफायर लागतो. चार डायोडची ही जोडणी आत काहीही येवो, बाहेर धन आणि ऋण एकाच बाजूला देते. ती तयारही मिळते.

क्रम असा: रुळाच्या दोन वायरी ब्रिज रेक्टिफायरमध्ये, त्याच्या बाहेरच्या टोकांवर कपॅसिटर, पुढे रेझिस्टर आणि मग एलईडीची पट्टी. एसी पुरवठ्यामुळे होणारी लयबद्ध थरथरही याच जोडणीने जाते. हे सगळे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांना मिळतात.

कपॅसिटर किती मोठा हवा?

हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण हिशेब सोपा आहे.

आधी खंड किती वेळाचा आहे ते पाहू. एचओ गाडी ताशी ६० किलोमीटरच्या हिशेबाने धावत असेल, तर ८७ ने भागून तिचा टेबलावरचा वेग सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर येतो. सांध्यातला वीज नसलेला भाग अडीच सेंटिमीटरचा धरला, तर तो पार करायला ०.१३ सेकंद लागतात. हीच गाडी स्टेशनात शिरताना सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने, म्हणजे ताशी १६ किलोमीटरच्या हिशेबाने सरकत असेल, तर अर्धा सेकंद लागतो. लुकलुकणं स्टेशनाजवळ जास्त का दिसतं, याचं उत्तर इथे मिळतं. तिथे सांधे जास्त असतात आणि वेग कमी.

आता टाकीचा हिशेब. कपॅसिटरची क्षमता गुणिले व्होल्टेजमधली चालण्याजोगी घट, भागिले करंट. यातून मिळतो तो वेळ. समजा दिवे १० मिलिअ‍ॅम्पिअर घेतात आणि व्होल्टेज ४ ने उतरेपर्यंत उजेड चालण्यासारखा राहतो:

- २२० मायक्रोफॅरड: सुमारे ०.०९ सेकंद
- ४७० मायक्रोफॅरड: सुमारे ०.१९ सेकंद
- १००० मायक्रोफॅरड: सुमारे ०.४ सेकंद

म्हणजे धावत्या गाडीला ४७० पुरतो, पण हळू चालीला १००० देखील थोडा अपुरा पडतो.

इथे बहुतेक जण आणखी मोठा कपॅसिटर शोधू लागतात. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे दिवे मंद करणं. करंट १० वरून ५ मिलिअ‍ॅम्पिअरवर आणला की तोच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.४ ऐवजी ०.८ सेकंद टिकतो. त्यासाठी फक्त रेझिस्टर बदलावा लागतो. बाजारात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी पूर्ण करंटवर डब्यात दुकानाच्या काउंटरसारखी झगमगते. तिच्याआधी एक किलो-ओहमचा रेझिस्टर लावला तर उजेड रात्रीच्या डब्यात असतो तसा शांत दिसतो, आणि साठाही जास्त वेळ पुरतो.

काय चुकू शकतं?

कपॅसिटर ही चिमुकली वस्तू असली तरी चुकीच्या जोडणीला ती माफ करत नाही.

टोकं उलटी लावणं: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडला तर तो तापतो, फुगतो आणि फुटूही शकतो. त्यावर रंगीत पट्टा असलेली बाजू ऋण असते. जोडणी तपासण्याआधी वीज सुरू करू नये आणि पहिल्यांदा सुरू करताना चेहरा जवळ नेऊ नये.

कमी व्होल्टचा कपॅसिटर: डीसीसीच्या रुळांवर एचओसाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट असतात. १६ व्होल्टचा कपॅसिटर आकाराने लहान म्हणून मोह होतो, पण तो अगदी काठावर येतो. किमान २५ व्होल्टचा घ्यावा.

सगळे कपॅसिटर एकदम भरणं: रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसर्किटसारखाच वागतो. आठ डबे, प्रत्येकात १००० मायक्रोफॅरड. वीज सुरू करताच आठही टाक्या एकदम पाणी खेचतात आणि डिजिटल कंट्रोलर शॉर्टसर्किट समजून बंद पडतो. पुन्हा सुरू करावा तर पुन्हा तेच. यासाठी कपॅसिटरच्या वाटेत १०० ते २२० ओहमचा रेझिस्टर लावतात. १५ व्होल्टवर १०० ओहमने एका डब्याचा सुरुवातीचा करंट ०.१५ अ‍ॅम्पिअरच्या आत राहतो, २२० ओहमने ०.०७ च्या. या रेझिस्टरला समांतर एक डायोड उलट्या दिशेने जोडला, की कपॅसिटर भरताना वीज रेझिस्टरमधून सावकाश येते आणि बाहेर पडताना डायोडमधून विनाअडथळा जाते.

सुपरकपॅसिटर थेट लावणं: यांची क्षमता प्रचंड असते, पण एकेक सेल जेमतेम २.७ व्होल्ट सहन करतो आणि तयार जोडी साधारण ५.५ व्होल्ट. रेग्युलेटरशिवाय रुळाच्या व्होल्टेजवर त्यांचा टिकाव लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायचा नाही. ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर उघडून 'वीज वाढवण्याचा' प्रयोग जिवावर बेतू शकतो. डब्यात होणारी सगळी दुरुस्ती कमी व्होल्टेजच्या बाजूलाच होते.

साध्या डीसी गाड्यांचं काय?

डिजिटल पद्धतीत रुळांवर व्होल्टेज कायम असतं. साध्या डीसी पद्धतीत मात्र व्होल्टेज वाढवून वेग वाढवतात आणि गाडी थांबवायची तर ते शून्यावर आणतात. त्यामुळे गाडी हळू झाली की दिवे मंद होतात आणि स्टेशनात थांबली की विझतात. कपॅसिटर इथे सांध्यावरचं लुकलुकणं थांबवेल, पण स्टेशनातला अंधार घालवू शकणार नाही. त्याची वीज एखाद्या सेकंदात संपते.

अशा गाड्यांसाठी डब्यात छोटी बॅटरी हा व्यवहार्य उपाय आहे. सीआर २०३२ या बटण सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअ‍ॅम्पिअर-तास असते. २ मिलिअ‍ॅम्पिअरवर चालणारा एक एलईडी त्यावर कागदोपत्री १०० तासांच्या पुढे जातो. सोबत रीड स्विच लावला, तर डबा न उघडता छतावरून चुंबक फिरवून दिवा चालू-बंद करता येतो.

मात्र घरात लहान मुलं असतील तर बटण सेल स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यातच ठेवावा. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. अशी शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायला हवं. गाडी खेळण्यासारखी दिसते, त्यामुळे मुलांचा हात तिच्याकडे आधी जातो.

खऱ्या रेल्वेने हा प्रश्न कसा सोडवला?

डब्यातला दिवा विझण्याची अडचण खऱ्या रेल्वेलाही चुकलेली नाही. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये लंडन ते ब्रायटन मार्गावर पुलमन डब्यात विजेचे दिवे लावले गेले, तेव्हा ती वीज डब्यातल्या बॅटऱ्यांमधून येत होती. पुढे चाकाच्या अ‍ॅक्सलवर पट्ट्याने फिरणारा डायनॅमो आला. गाडी धावताना वीज तयार व्हायची, पण स्टेशनात गाडी थांबली की डायनॅमोही थांबायचा. म्हणून सोबत बॅटरी कायम राहिली.

भारतीय रेल्वेच्या जुन्या निळ्या डब्यांमध्येही हीच रचना होती. अ‍ॅक्सलवर चालणारा अल्टरनेटर, डब्याखाली बॅटऱ्यांची पेटी आणि ११० व्होल्टचा पुरवठा. नंतर आलेल्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांमध्ये टोकाच्या जनरेटर डब्यातून किंवा थेट इंजिनातून सगळ्या डब्यांना वीज दिली जाते. वीज वाहून नेणाऱ्या कपलिंगमागे कल्पना हीच आहे.

आणि मुंबईच्या लोकलने नेहमी प्रवास करणाऱ्यांनी हा खंड प्रत्यक्ष अनुभवलेला असतो. गाडी धावत असताना अचानक पंख्यांचा आवाज मंदावतो, काही दिवे विझतात आणि काही क्षणांत सगळं पूर्ववत होतं. ओव्हरहेड वायरच्या दोन विभागांमध्ये वीज नसलेला छोटा टप्पा असतो, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. वेगात असलेली लोकल तो टप्पा सहज पार करते आणि बॅटरीवरचे मोजके दिवे तेवढ्यात सुरूच राहतात. टेबलावरच्या गाडीने सांध्यावर नेमकं हेच करावं, एवढीच अपेक्षा असते.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी रूळ आणि चाकं स्वच्छ करायची. मग जास्त चाकांमधून वीज घ्यायची. हे दोन्ही झाल्यावर उरलेल्या खंडासाठी ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर. हा क्रम उलटा केला तरी काही दिवस दिवे स्थिर दिसतात. पण खालची घाण वाढतच राहते, खंड लांबत जातात आणि एक दिवस कपॅसिटरही पुरेनासा होतो.

सगळे डबे एकदम उघडण्यापेक्षा सर्वाधिक लुकलुकणारा एक डबा घ्यावा, त्यावर तिन्ही पायऱ्या करून पाहाव्यात आणि तो सांध्यावरून सगळ्यांत हळू वेगाने नेऊन बघावा. तो एक डबा न लुकलुकता पलीकडे गेला, की उरलेले सात त्याच पद्धतीने करता येतात.